आमसुलाने घासलेली चाकं

सोलकढीसाठी आमसुलं भिजत घातली की त्या आंबट वासासरशी मला जयगडचं आमचं अंगण आणि गाडीच्या चाकापाशी उकिडवी बसलेली आई दिसते. बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी आम्ही कित्येक महिने मुंबईला अडकलो होतो आणि त्यांची लाडकी गाडी इकडे खाऱ्या वाऱ्यात उभी होती. घर झाडायला म्हणून आई आणि मी आधी परतलो, तर ॲल्युमिनियमच्या चाकांवर पांढरे फोड आलेले. "ते आधी गाडी बघतील, मग आपल्याला," म्हणत आईने देवाची तांब्याची भांडी घासायची तीच रीत लावली आणि कुस्करलेल्या आमसुलाने, काथ्याने चाक घासायला घेतलं. बघता बघता शाईसारखं काळं पाणी वाहू लागलं. तांब्याचं असं कधी होत नाही. "जाळलं की काय गो मी चाक?" ती रडवेली झाली. मीही घाबरून बादल्या ओतत सुटले, तर काळं वाहून गेलं आणि खालचं चाक लख्ख निघालं. संध्याकाळी बाबा आले ते थेट गाडीपाशी गेले आणि छातीवर हात धरून हळूच वाकले. "काय गो," ते हुंगत म्हणाले, "माझ्या गाडीला सोलकढी पाजलीस?" आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच खदखदून हसले. ती गाडी कधीच विकली, पण बाबा अजूनही सोलकढीची वाटी तोंडाला लावण्याआधी आईला विचारतात, "चाकं धुऊन उरलेली नाही ना?"