मनातला कौल

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग म्हणाले, "बाई, मोबाईलचं लॉक काढून द्या." त्या चहाचासुद्धा मला अजून राग येतो.

माझा गुन्हा काय, तर आमच्या बायकांच्या बचत गटाचा मोबाईलवर एक ग्रुप होता आणि मला मराठी भराभर टाइप करता येतं म्हणून मी त्याची ॲडमिन होते. रत्नागिरीकडून येताना पावसच्या अलीकडे आमचं गाव. गावाच्या डोक्यावर सडा आहे, नुसता उघडा कातळ. तिथे रस्त्यासाठी मोजणी होणार होती. ग्रुपमधल्या एकीने लिहिलं, 'मोजणीवाले आले की सगळ्या जणी वर या.' एवढंच. बोलावणं मात्र मला आलं. नोटीस नाही, कोर्टाचा कागद नाही. मी म्हटलं, ग्रुपच बघायचा ना, मी उघडून दाखवते, माझ्यासमोर बघा. साहेब हसले. म्हणाले, "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला?"

होतं ना लपवण्यासारखं! माझी मुलगी गुहागरकडे दिलेली आहे. नवऱ्याचा हात उठायचा. दुपारी सासू झोपली की ती मागच्या पोफळीच्या वाडीत जायची आणि मला आवाजी निरोप पाठवायची. नोकरीसाठी तिने अर्ज केला होता. ती मिळाली की बाहेर पडायचं, तोवर घरात कुणाला कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. तिनेच मला मोबाईलवरची ती ओळ दाखवली होती, की हे बोलणं कुलूपबंद आहे, आपल्या दोघींशिवाय कोणालाही ऐकता येणार नाही, कंपनीलासुद्धा नाही. "म्हणजे एकदम पक्कं बघ आई," असं म्हणाली होती.

कुलूप पक्कंच होतं. मीच ते काढून टेबलावर ठेवलं, कारण समोर सरकार बसलं होतं आणि मी एकटी बाई होते. घरचे मुंबईला नोकरीला. साहेबांनी मोबाईल एका हवालदाराकडे दिला आणि मला सांगितलं, उद्या न्या.

हा हवालदार म्हणजे आमच्या शेजारच्या वाडीतला पोरगा. मला काकी म्हणतो. लहानपणी आमच्या कलमांवर दगड मारून आंबे पाडायचा. त्याची बायको माझ्या मुलीच्या सासरच्याच गावची. सरकार सरकार म्हणतात ते आमच्याकडे असं असतं. ते दिल्लीहून येत नाही. त्याची बायको कुठली, सासुरवाडी कुठली, सगळं आपल्याला ठाऊक असतं, आणि आपलंही त्याला.

मोबाईल दुसऱ्या दिवशी मिळाला. त्याच आठवड्यात मुलीच्या सासूने जेवणाच्या वेळी सगळ्यांना भात वाढला आणि माझ्या मुलीपुढे पेजेची वाटी आदळली. म्हणाली, "घे. पेजेवर राहीन पण ह्या घरात राहणार नाय, असं आयशीला सांगतेस ना?" हे वाक्य माझ्या मुलीने आयुष्यात एकदाच उच्चारलं होतं, पोफळीच्या वाडीत, माझ्यासाठी.

नवऱ्याने तिचा मोबाईल काढून घेतला. नोकरीचा फोन त्या नंबरवर आला असेल तर तो कोणी उचलला, देव जाणे. मला ती सासूच्या फोनवरून बोलायची, स्पीकर लावून. "आई, बरी आहे. तू जेवलीस?" मागे भांड्यांचा आवाज यायचा आणि कोणीतरी खाकरायचं. मी पण म्हणायची, जेवले हो. दोघी धडधडीत खोटं बोलायचो आणि फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात आदळआपट करायची.

त्याच दिवसांत टीव्हीवर चर्चा चालली होती. कोट घातलेले एक गृहस्थ सांगत होते की लोकांच्या कुलूपबंद बोलण्याची एक किल्ली सरकारकडे हवीच, देशाच्या सुरक्षेसाठी. किल्ली म्हणे अगदी जबाबदार माणसांच्या हातात राहील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, माझा मोबाईलही जबाबदार माणसाच्याच टेबलावर होता! चोर पकडू नका, दहशतवादी पकडू नका, असं कोण म्हणतंय? कोर्टात जा, कारण सांगा, कागद आणा, त्या एका माणसाचं दार उघडा. पण सगळ्या गावाच्या किल्ल्या करून ठेवल्यात, तर त्या शेवटी कोणाच्या खिशात फिरणार, ते मी बघितलंय. टीव्ही बंद केला आणि देवळात गेले.

आमच्या देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न मोठ्याने सांगता येतो, किंवा मनातच धरता येतो. मनातल्या कौलाला गुरव विचारत नाही. तो देवाला सांगतो, "बा देवा म्हाराजा, ह्याच्या मनात जे काय आसंल ते तुला ठाव हाय." निरोप तो पोचवतो, पण निरोप काय ते त्याला माहीत नसतं, आणि माहीत करून घ्यायची त्याला खाजही नसते.

गाभाऱ्यापुढे हवालदार उभा होता, हात जोडून. गुरवाला म्हणत होता, "मनातला लाव."

मी सरळ त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "मनातला कशाला रे? मोठ्यानं सांग की. आम्ही सगळे ऐकतो."

"काकी, असं काय करतेस..."

"लपवण्यासारखं काय नसेल तर घाबरतोस कशाला?"

देवळातल्या बायका वळून बघायला लागल्या. त्याचं तोंड उतरलं. काय होतं त्याच्या मनात कोण जाणे, आजार असेल, बदली असेल, बायकोचं काही असेल. तो कौल न लावताच पायऱ्या उतरून गेला. मला वाटलं होतं बरं वाटेल. काडीचं वाटलं नाही. त्याला त्याचा कौल लावता यायला हवा होता, आणि माझ्या मुलीलाही आईशी बोलता यायला हवं होतं.

मग मी मनातला कौल लावला. उजवी कळी पडली. काय विचारलं ते गुरवाला ठाऊक नाही, आणि ते मी इथेही लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी जयगडची फेरीबोट धरून खाडी ओलांडली आणि मुलीला घेऊन आले. सासू दारात आडवी आली, नवरा ओरडला. त्यांच्याहून मोठ्याने मी ओरडले.

आता ती घरी आहे. दुसऱ्या ठिकाणी अर्ज केलाय. पण अजूनही तिला मनातलं काही सांगायचं असलं की ती आधी दोघींचे मोबाईल तांदळाच्या डब्यात टाकते, झाकण घट्ट लावते आणि माझा हात धरून मला पार मागच्या कलमापर्यंत नेते. तिथे पोचल्यावर एकदा दगडी गडग्यापलीकडे बघते, आणि मग कुजबुजत बोलते. स्वतःच्या आईशी.