प्रेमलाबाई उठल्या नाहीत

शनिवार पेठेतल्या नाडगौडा कलादालनाच्या वरच्या मजल्यावर रविवारचा चित्रवर्ग भरे. चित्र काढायला समोर माणूस लागतो, तो माणूस म्हणजे प्रेमला कांबळे. नवरा गेल्यावर त्यांनी हे काम धरलं, तेव्हा दीर म्हणाला होता, नुसतं बसायचं, हे काय काम झालं? त्यांनी त्यालाच न हलता बसून दाखवायला सांगितलं. पुन्हा त्यानं विषय काढला नाही.

उत्तरेच्या उंच सागवानी खिडक्यांतून तिथं दिवसभर एकसारखा उजेड येई. ती जुनी इमारत बांधलीच होती त्या उजेडासाठी. यंदा मात्र विश्वस्तांनी ठरवलं, की खिडक्या काढून भिंत घालायची आणि लग्नकार्यांसाठी एसी हॉल करायचा. चित्रकारांची निवेदनं कुणी वाचली नाहीत. मागचा लाकडी जिना तर तोडलाही.

दुसऱ्या दिवशी मजूर वर आले, तर खिडकीखालच्या चौथऱ्यावर प्रेमलाबाई खुर्चीत बसलेल्या. पहार लावायची कुठं? मुकादमानं चिटणीस सुदर्शन नाडगौडांना बोलावलं.

"बाई, आज वर्ग नाही."

"ठाऊक आहे."

"मग बसलात कशाला?"

"मला दुसरं काही येत नाही."

इमारत धोकादायक आहे, असं चिटणीसांनी समजावून पाहिलं.

"मग आपण आत कशाला आलात?" बाई म्हणाल्या.

वर्गाच्या शिक्षिका शेफाली यांना कळलं, तशा त्या येऊन समोर चित्र काढत बसल्या. संध्याकाळपर्यंत अख्खा वर्ग जमला. बाईंची कंबर धरली होती, पाय बधिर झाला होता. पण आपण उठलो की खिडकी गेली, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मजूर घरी गेल्यावरच त्या उठल्या, आणि सकाळी ते यायच्या आत परत येऊन बसल्या. चिटणीसांनी हवालदार आणला. शेफालींनी त्याच्यासमोरच विचारलं, वारसा यादीतल्या इमारतीला हात लावायची परवानगी कुठाय? ती घेतलेलीच नव्हती. काम थांबलं. पुढं वारसा समितीनं खिडक्या दुरुस्त करून घेतल्या. जिना मात्र गेला तो गेलाच. आता तिथं लोखंडी आहे.

मग विश्वस्तांनी बाईंचा सत्कार ठरवला. खालच्या दालनात भिंतीभर त्यांचीच चित्रं होती: 'खेडूत स्त्री', 'विचारमग्न', 'एक वृद्धा'. शाल नको, चित्रांखाली माझं नाव घाला, असं बाईंनी तिथंच चिटणीसांना सांगितलं. शीर्षकं चित्रकारांनी दिलेली, ती बदलता येत नाहीत, असं चिटणीस म्हणाले.

"बदलू नका. माझं जोडा."

बैठकीत विषय ठेवतो, म्हणाले.

प्रेमलाबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या शेफालींच्या हातातली चित्र काढायची कोळशाची कांडी घेतली. 'एक वृद्धा'च्या पाटीवर ठळक अक्षरांत 'प्रेमला कांबळे' लिहिलं, आणि पुढच्या चित्राकडे वळल्या.