पुढच्या खेपेला किती?

मी मानसशास्त्र घेतलं तेव्हा कासुर्डीत कुणालाच त्याचा अर्थ लागला नाही. शेजारची मामी म्हणायची, "येड्यांचं शिकतीस म्हंजी, शिकता शिकता तुलाच लागण झाली तर गं?" मी म्हणायचे, "मामी, तुमच्या शेजारी राहून झाली न्हाई, तिथं काय व्हायची?" तोंडाळ होते मी, अजून आहे. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते. मी रोज यवतहून पॅसेंजरनं पुण्याच्या कॉलेजात जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे.

आप्पांनी शिकायला कधी अडवलं नव्हतं. पण बी.ए.च्या शेवटच्या वर्षी वडगाव रासाईचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, माणसं चांगली. आप्पांनी सांगून टाकलं, "पंधरावी झाली की बास." आणि मला तर एम.ए. करायचं होतं. मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात नोकरी हवी तर एम.ए. लागायचं, नुसत्या बी.ए.ला कोण विचारतो? आई यात हो म्हणेना की नाही म्हणेना. सकाळी खुरपं घेऊन उसात जायची, संध्याकाळी येऊन भाकऱ्या थापायची. आप्पांच्या नकारापेक्षा तिच्या गप्प बसण्याचा मला जास्त राग यायचा.

आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेची एक रीत होती. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, आम्ही त्याला सब्जेक्ट म्हणायचो, विद्यार्थ्यानं स्वतःच बरोबर आणायचा. तो मानसशास्त्र शिकलेला मात्र चालत नसे. पुण्यातल्या मुली वहिनीला, मावसबहिणीला आणायच्या. माझी ठरवून ठेवलेली मैत्रीण नेमकी आदल्या दिवशी तापानं फणफणली. सब्जेक्ट नाही तर परीक्षा नाही. घरी येऊन रडायलाच बसले.

आई म्हणाली, "मी चालंल का? मला सई येत न्हाई पर."

गाडीत तिनं विचारलं, "येड्याचं सोंग करायचं का?"

"नाही गं. आहेस तशीच बसायचंस."

"मग सोपं हाय," म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

परीक्षेत मी चिठ्ठी उचलली. प्रयोग निघाला आकांक्षेच्या पातळीचा. माणसाला एक काम द्यायचं, किती झालं ते मोजायचं आणि विचारायचं, पुढच्या खेपेला किती कराल? तो जो आकडा सांगेल त्यावरून त्याची उमेद कळते. एरवी अक्षरांचं काम देतात, पण आईला वाचता येत नव्हतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भोकांची फळी घ्यायला परवानगी दिली. एका मिनिटात चिमट्यानं पितळी पिना बसवायच्या.

आईनं अकरा बसवल्या. "पुढच्या खेपेला किती?" मी विचारलं. ती म्हणाली, दहा. बसवल्या चौदा. पुढच्या खेपेला? तेरा. बसवल्या सोळा. मग पंधरा. दर वेळी एक कमीच. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, केल्यापेक्षा कमी सांगणारा माणूस अपयशाला भितो, त्याचा स्वतःवर भरवसा नसतो. हे मी माझ्या आईबद्दल लिहायचं?

प्रयोगानंतर सब्जेक्टला त्याच्या मनातलं विचारावं लागतं. मी विचारलं, कमी का सांगत होतीस? ती म्हणाली, "अगं, उक्तं काम घेताना मुकादमाला एक सरी कमीच सांगायची. बोललं तेवढं झालंच पायजे. मी जास्त बोलले आन् ऱ्हायलं, तर माझ्याबरोबरच्या साती बायांचं काम जातं. म्हनून पुरं होईल तेवढंच बोलायचं."

मी तसंच लिहिलं. भीती नाही, जबाबदारी. परीक्षकांनी वही वाचून चष्मा काढला. "हे पुस्तकात कुठं आहे?"

"पुस्तक लिहिणारे उसात खुरपायला गेले नसतील, सर," मी म्हणाले. पुढं तीस वर्षं मी केंद्रात मुलांसमोर, आईबापांसमोर बसले, पण इतकी ताठ मानेनं क्वचितच बोलले असेन. मळक्या लुगड्यातली माझी आई त्या स्टुलावर बसली होती आणि मला तिचा असा काही अभिमान वाटत होता की नापास झाले असते तरी चाललं असतं.

सर आईकडं वळले. "बाई, तुमची मुलगी पुढं कितवीपर्यंत शिकेल?"

मी मान खाली घातली. आप्पांचं 'बास' तिनंही ऐकलं होतं.

"सतरावी," आई म्हणाली.

एम.ए. म्हणजे सतरावी, हे तिनं कुणाला विचारून ठेवलं होतं कुणास ठाऊक. मला तरी विचारलं नव्हतं.

सर म्हणाले, "पुरं होईल तेवढंच बोलता ना तुम्ही?"

"एक कमी धरूनच सांगितली, सायेब."

संध्याकाळी आप्पा ओट्यावर पाय धूत होते. आई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "मी पुण्यात सायबापुढं पोरीची सतरावी बोलून आलेय."

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. या बाईनं बोललेला आकडा कधी कमी भरला नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"मग वडगावकरांना काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"दुसरी बघा म्हनावं."