एक चिठ्ठी मागे

“तुमच्या नव्या सिस्टीमने मेलेल्या माणसाची चिठ्ठी छापलीय. आधी इकडे या!” पनवेलच्या एका नर्सिंग होममधून डॉक्टरांचा फोन.

नव्वदच्या दशकाचा मध्य. आदल्याच दिवशी मी त्यांच्या कॉम्प्युटरवर डॉस काढून नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर नीट चालेल का, हे आधी बघावं लागतं. त्याला आम्ही कंपॅटिबिलिटी म्हणतो. मी बघितलंही होतं. एक नाव टाकलं, प्रोग्रॅम बंद केला, चिठ्ठी आली. चहा पिऊन निघालो.

तिथली पद्धत अशी. काउंटरवर रिसेप्शनिस्ट नाव टाइप करणार. प्रिंटर आत, लॅबमध्ये. सिस्टर रक्त काढून बाटली ट्रेमध्ये ठेवणार. प्रिंटर वाजला की गव्हाण गावच्या आया भीमामावशी चिठ्ठी फाडून त्या बाटलीला रबरबँडने बांधणार. नाव इंग्रजीत, मावशींना ते वाचता येत नसे. रक्तगटाचा रिपोर्ट मात्र चिठ्ठीवरच्या नावानेच निघायचा.

मी पोचलो तेव्हा मावशी लॅबच्या दाराबाहेर उभ्या होत्या.

“मी नाय जानार आत. म्हातारा सकाली गेला, आन त्याचं नाव आता आलं.”

सिस्टरने चिठ्ठी दाखवली. नाव सकाळी वारलेल्या पेशंट आजोबांचं. छापलेली वेळही सकाळची, ते जिवंत असतानाची. चिठ्ठी बांधलेली होती एका बाळंतिणीच्या बाटलीला. तिला रक्तस्राव होत होता, रक्त लगेच हवं होतं. सकाळी आजोबांची चिठ्ठी आलीच नव्हती. तासाभरात ते गेले, मग कोणी विचारलंही नाही.

मी रिसेप्शनिस्टला म्हटलं, “माझं नाव टाका.”

प्रिंटर करकरला. सिस्टरने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. “अहो, हे त्या बाळंतिणीचं नाव!”

तीही गेली की काय, म्हणून सिस्टर वॉर्डकडे धावली. बाई शुद्धीवर होती, पाणी मागत होती.

आता मशीनच्या आत उरलं होतं माझंच नाव. मी काउंटरवर जाऊन प्रोग्रॅम बंद केला. आत प्रिंटर वाजला. माझी चिठ्ठी.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नवी सिस्टीम चिठ्ठी थेट प्रिंटरला न देता रांगेत धरून ठेवत होती. पुढची आली किंवा प्रोग्रॅम बंद झाला, की मागची सोडायची. मी तपासताना प्रोग्रॅम बंद केला होता, म्हणून मला कळलंच नाही. इथे तो दिवसभर चालू असायचा.

म्हणजे बाळंतिणीचा रक्तगट आजोबांच्या नावावर, आणि पुढच्या पेशंटचा तिच्या नावावर. चुकीचं रक्त चढलं की माणूस जातो.

सेटिंगमधली एक खूण काढली, रांग बंद झाली. बाटलीला तिची चिठ्ठी लागली, रक्त आलं, बाई वाचली.

“म्हाताऱ्यानंच सांगून धाडलं,” मावशी म्हणाल्या. “नायतर कुनाच्या ध्यानात आलं असतं?”

त्यानंतर कुठेही अपग्रेड केलं की तिथल्या माणसांना त्यांच्या पद्धतीने दिवसभर काम करू देतो, आणि मी नुसता बघत बसतो.