ज्ञानूच्या मेंढीचे पैसे

बप्पांपुढे चहा ठेवला तरी ते आधी विचारायचे, "ह्यो कुणाचाय?" तुमचाच, असं सांगितल्यावरच कप उचलणार. उभा जन्म मेंढरांमागे काढलेले हे म्हातारबुवा वाटूर फाट्यावरच्या माझ्या दुकानात येऊन बसायचे. रस्त्यात पडलेली काठीसुद्धा उचलत नसत. "दुसऱ्याची चीज घरात आली की झोपू देत न्हाई, पोरी," म्हणायचे. मला हसू यायचं. कधी कधी रागही यायचा, कारण सुटे पैसे द्यायला घेतले की ह्यांची उलटतपासणी सुरू.

त्यांच्या घरात पोर जन्मलं की त्याच्या नावाची एक मेंढी काढून ठेवायची रीत होती. तिची कोकरं त्या पोराची, त्यांच्या विक्रीचा पैसाही त्याचाच. बापानेसुद्धा त्याला हात लावायचा नाही. बप्पांच्या एकुलत्या एका ज्ञानूच्या नावची मेंढी काळ्या कानाची होती. ज्ञानू उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला तेव्हापासून ती कुणाच्या हाकेला मान वर करत नव्हती.

पुढे तिची कोकरं विकली आणि बप्पा फोन घेऊन माझ्याकडे आले. "ज्ञानूचे ज्ञानूला लावून दे."

"बप्पा, त्याचं खातं केव्हाच बंद झालं. पैसे जाणार नाहीत."

"न्हाई गेले तर मंग बघू. त्याचे पैसे माझ्याजवळ ठेवू का?"

ज्ञानूचा नंबर त्यांना तोंडपाठ. म्हटलं, जाऊ दे, डोळ्यांनी बघितलं की समजेल. नंबर दाबला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून मी वळले, आणि बप्पांनी आपला पिन टाकला. पैसे गेले की हो. पडद्यावर नाव मात्र भलत्याच माणसाचं. बंद पडलेला नंबर कंपनीने दुसऱ्या कुणाला तरी दिला होता, इतकंच. यात भुताटकी काही नाही, हे मी स्वतःला आजवर पुष्कळदा बजावलं आहे.

मी तिथल्या तिथे त्या नंबरावर फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. जाफराबादचा एक पोरगा बोलला, कापडाच्या दुकानात कामाला होता. "चुकून आले असतील, ताई. आताच वापस करतो," म्हणाला. भला माणूस. मेंढरं बाहेर उभी होती. त्यातली ती काळ्या कानाची पायरी चढून सरळ आत आली, फोनला कान लावून उभी राहिली आणि ओरडली. पलीकडून त्या पोराने मेंढरांना बोलावतात तसा जिभेने आवाज काढला.

"हे मी काय करून राह्यलो?" तो हळूच म्हणाला. "आमच्या घरी तर कोंबडीबी न्हाई."

बप्पा म्हणाले, "वापस नको करू, बाळा. ज्याचे होते त्याला भेटले."

फोन ठेवल्यावर मी त्यांच्यावर चिडले. न बघितलेल्या माणसाला ज्ञानूचे पैसे कसे देता, म्हटलं. "तोंड बघायचं आपल्याला लागतंय," बप्पा म्हणाले. "मेंढीला कुठं लागतंय?"

पोराला मात्र चैन पडेना. फुकटचा पैसा नको म्हणून तो स्वतःच जीप करून वाटूरला आला. ज्ञानू उंच, काळासावळा. हा बुटका, गोरा, चष्मेवाला. एक खूण जुळेल तर शपथ. तरी मेंढी उठली आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकत चालू लागली. बप्पांनी पैशाला हात लावला नाही. "हिला बी घेऊन जा," एवढंच म्हणाले. तो बिचारा नको नको म्हणत होता, आणि मेंढी आपणहून जीपमध्ये चढून बसली. ज्ञानू गेल्यापासून बप्पांना इतकं मोकळं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

ह्या उन्हाळ्यात बप्पा मेंढरं घेऊन घनसावंगीकडे गोदाकाठी गेले आणि तिथेच एका पहाटे झोपेत गेले. अग्नी पुतण्याने दिला. बातमी ऐकून मला फार लागलं. बाप गेल्यासारखं वाटलं.

त्याच दुपारी त्या पोराला कळवावं म्हणून फोन केला. मी काही सांगायच्या आधी तोच बोलू लागला. "ताई, घरात रडारड चाललीय. बाप धडधाकट समोर बसलाय, आन् मी सकाळीच डोकं भादरून आलो. का भादरलं, मलाच समजून राह्यलं न्हाई."