रपटा, बस आणि बीडीओ साहेब

सरकारी कचेरीत जाताना आपण काम घेऊन जातो आणि येताना किस्सा घेऊन येतो. काम कधी होतं, कधी राहून जातं. किस्सा मात्र दर खेपेला मिळतोच!

आमच्या तिघांकडे तर अशा किश्श्यांचा ढीग साठलाय. तिघं म्हणजे मी, प्रमोद आणि सविता राठोड. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही बी.ए.ला होतो. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण यातले बरेच साहेब अजून रस्त्यात भेटले की ओळख देतात आणि मला ती ओळख टिकवायची आहे.

कापसाचे फार वाईट दिवस होते ते. रोज कुठला ना कुठला मोर्चा, कुठलं ना कुठलं पाहणी पथक. लाल दिव्याच्या गाड्या आल्या की समजायचं, आज कोणताही साहेब जागेवर भेटत नाही. त्या गर्दीत आमचं काम अगदी एवढंसं होतं. सविताच्या तांड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाल्यावर रपटा होता, म्हणजे पूर आला की पाणी वरून निघून जाईल असा बुटका पूल. त्या पावसाळ्यात पाणी गेलं ते रपटा घेऊनच गेलं. तांड्याची एकुलती एक बस बंद झाली.

सविताचे वडील परशरामकाका रोज सकाळी तिला सायकलवर डबलसीट बसवून फाट्यापर्यंत सोडायचे. पण त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "पुढच्या जूनपर्यंत बस चालू झाली तं ठीक. नाई झाली तं कॉलेज बंद. भर पावसात नाल्यातून पोरगी नाई पाठवत मी."

माणूस चुकीचं बोलत नव्हता, हीच तर अडचण होती.

"साहेबाले भेटू ना काका," प्रमोद म्हणाला.

काका नुसते हसले. "मी गेलतो कापसासाठी. लय डाव गेलतो. कचेरी कोणाचं आयकत नाई बाबू."

*

आमच्या घरात सगळे नोकरदार. बाबा ट्रेझरीत कारकून, आजोबा कोर्टात होते. म्हणून साहेबाला कसं भेटावं हे मी बाबांना विचारलं.

बाबांनी चष्मा काढला आणि गंभीरपणे सांगायला लागले. "सोमवारी भेटू नये, सोमवारी सगळे भेटतात. बाजाराच्या दिवशी भेटू नये, अख्खा तालुका तिथे असतो. शुक्रवारी साहेबाला गावी जायची घाई असते. जेवणाआधी भुकेला असतो, जेवणानंतर सुस्त असतो."

"मग भेटायचं कधी?"

"शक्यतो भेटूच नये!"

*

तरी आम्ही गेलो. पहिल्यांदा तहसीलदारांकडे.

बोलायचं काम अर्थातच प्रमोदचं. कारण तो वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात गाजलेला. एरवी आमच्याशी "काहून बे" करणारा हा माणूस साहेबांसमोर उभा राहिला, घसा खाकरला आणि सुरू झाला, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बंधू-भगिनींनो!"

खोलीत तहसीलदार, एक अव्वल कारकून आणि कॅलेंडर, एवढेच होते.

मला वाटलं, आता हाकलतात. पण साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं भाषण ऐकलं. स्वातंत्र्य, शिक्षण, ग्रामीण भागातल्या स्त्रिया, सगळं येऊन गेलं. शेवटी ते म्हणाले, "छान बोलता. माझ्याकडून पहिला नंबर. आता सांगा, काम काय आहे?"

प्रमोदने एवढ्या भाषणात तांड्याचं नावही घेतलं नव्हतं!

मग मागून सविता बोलली. "रपटा वाहून गेला साहेब. बस बंद झाली. जूनपर्यंत चालू नाई झाली तं माहा बा मले घरी बसवते."

साहेब प्रमोदकडे वळले. "हे पहिलं सांगायचं असतं, वक्ते."

रस्ता त्यांच्या खात्याचा नव्हता. तसं सांगून त्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी आमच्यासमोर पंचायत समितीत फोन लावला, बीडीओ साहेबांना आमची नावं सांगितली आणि वर म्हणाले, "मुलं चांगली आहेत. फक्त भाषण करू देऊ नका."

*

पंचायत समितीच्या दारात नामदेवभाऊ शिपाई स्टूल टाकून बसायचे. त्या काळात निवेदनं दोनच प्रकारची येत. कापसाची नाहीतर विजेची. त्यांची टेबलंही ठरलेली. त्यामुळे कोणीही समोर आलं की नामदेवभाऊ मान वर न करता विचारत, "कापूस का वीज?"

"भाऊ, रपटा," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. आमच्याकडे नीट पाहिलं. मग आत वाकून ओरडले, "साहेब, नवीन आयटम आला!"

*

बीडीओ साहेब पश्चिम महाराष्ट्राकडचे. बोलणं कमी, वाचणं सावकाश. आमचं निवेदन त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि शेवटच्या ओळीवर थांबले. ती ओळ प्रमोदने घातली होती, कारण आम्ही पाहिलेल्या प्रत्येक निवेदनाखाली ती असायचीच.

"'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.' कसलं आंदोलन?"

"तीव्र, सर," प्रमोद म्हणाला.

"ते वाचलं मी. कधी?"

प्रमोदने माझ्याकडे पाहिलं. मी सविताकडे. सविता म्हणाली, "सर, पुढच्या हप्त्यात आमची चाचणी हाये. थे झाल्यावर करू."

साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. "अभ्यास झालाय?"

नव्हता झाला! तिघांचाही.

मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "ही ओळ काढा. धमकी वाचून मला काही दिसत नाही. नाला दिसला पाहिजे. पाणी कुठवर चढतं, कोण कोण अडकतं, आणि जागा दाखवायला कोण येईल, ते लिहा."

तिथेच बाकावर बसून सविताने सांगितलं आणि मी लिहिलं. 'पुराचं पाणी माझ्या छातीपर्यंत येतं. माझ्या भावाच्या डोक्यावरून जातं. तो पाचवीत आहे.' साहेबांनी ते वाचलं तेव्हा ते हसत नव्हते.

मी पुढे आयुष्यात कितीतरी अर्ज लिहिले, पण अर्ज लिहायला मला त्या दिवशी त्या बाकावर शिकवलं गेलं, आणि शिकवणाऱ्याने त्याबद्दल चहासुद्धा आमच्याकडून घेतला नाही. उलट पाजला.

*

पुढे मात्र साहेब भेटेनात. आज कळंबला बैठक, उद्या दारव्ह्याला पथक. एक दिवस तर आम्ही ठरवूनच गेलो, की भेटल्याशिवाय हलायचं नाही. सकाळपासून कचेरी बंद होईपर्यंत बाकावर बसलो. नामदेवभाऊंना शेवटी आमची इतकी दया आली, की त्यांनी डब्यातली भाकर काढून दिली. साहेब काही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सविता कॉलेजात आली ती फणफणतच.

"काल साहेब कुठी होते, माहीत हाये? आमच्या तांड्यावर! रपट्याच्या चिखलात जीप फसली त्याईची. माह्या याडीनं पाणी देल्लं साहेबाले!" याडी म्हणजे तिची आई.

"अबे मंग चांगलंच झालं ना," प्रमोद म्हणाला. "याडीनं सांगतलं असन रपट्याचं."

"कायचं सांगते! कापसाचं सांगतलं! बोंडं कशी सडली, अळी कशी पडली, सारं सांगतलं. रपट्यात उभी राहून रपट्याचं नाई सांगतलं! मी म्हटलं, काहून वो याडी? तं म्हणते, साहेबलोक कापसाचंच इचारते, मले वाटलं याच्यासाठीच आला असन."

आम्ही पोट धरून हसलो. सविताही हसली. मग तांड्याला आजवर कुणी दुसरं काही विचारलंच नव्हतं, हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं.

त्यानंतर साहेब भेटले तेव्हा मी भीत भीत विचारलं, "सर, नाला पाहिला का?"

"पाहिला? जीप काढायला बैलजोडी लागली!" आणि त्यांनी तिथल्या तिथे बांधकामच्या इंजिनिअर साहेबांना बोलावून घेतलं.

*

आता घोडं कुठे अडलं ते ऐका.

इंजिनिअर साहेब म्हणाले, "त्या रस्त्यावर बस आहे का? नाही ना? मग वाहतूक नसलेला रस्ता यादीत वर कसा घेऊ?"

डेपो मॅनेजर म्हणाले, "रपटा आहे का? नाही ना? मग बस काय उडवत नेऊ?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर. दोघांच्या कचेऱ्यांमध्ये अंतर एका हाकेचं. आणि दोघं एकमेकांशी या विषयावर एकदाही बोललेले नव्हते. आम्हीच इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे नेत होतो.

जानेवारीत कॉलेजचं गॅदरिंग आलं. मला एक कल्पना सुचली आणि प्राचार्यांनीही ती मान्य केली. प्रमुख पाहुणे म्हणून आम्ही इंजिनिअर साहेब आणि डेपो मॅनेजर, दोघांनाही बोलावलं. दुसरा पाहुणा कोण, हे मात्र दोघांनाही कळू दिलं नाही. पत्रिकेत नावंच छापली नाहीत! स्टेजवर दोन खुर्च्या अगदी चिकटून ठेवल्या.

स्वागताचं भाषण प्रमोदचं. अखेर त्याला खरेखुरे अध्यक्ष महाशय मिळाले होते! तो उभा राहिला आणि म्हणाला, "मित्रांनो, आपल्या तालुक्यात आज पहिल्यांदाच रस्ता आणि बस शेजारी शेजारी बसलेत. टाळ्या वाजवा!"

सभागृह डोक्यावर घेतलं पोरांनी. आधी डेपो मॅनेजरांना हसू फुटलं, मग इंजिनिअर साहेबांना. चहाच्या वेळी मी कान देऊन तिथेच उभी होते.

"रपटा मी उन्हाळ्यात उभा करतो. मग?"

"मग दुसऱ्या दिवशी गाडी."

"पोरांसमोर बोलताय, बघा."

"पोरांसमोर आहे म्हणूनच बोलतोय!"

*

रपटा झाला, पण आपोआप झाला नाही. मंजुरीसाठी बीडीओ साहेब कितीदा यवतमाळला खेटे घालून आले, हे आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही, नामदेवभाऊंनी सांगितलं. इंजिनिअर साहेब भर उन्हात डोक्याला ओला दुपट्टा बांधून सिमेंटवर पाणी मारून घेत होते, हे तर आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आजही चार माणसं जमून सरकारी नोकरांना शिव्या द्यायला लागली, की मी गप्प बसते. सगळे तसे नसतात, एवढं सांगितलं तरी लोकांना पटत नाही, आणि मला तर त्यांतल्या प्रत्येकाचा चेहरा आठवतो. त्यांचे उपकार मी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

जूनमध्ये बस आली. तांड्याने तिला कुंकू लावलं.

पुढे महिनाभराने परशरामकाका एक दिवस धुतलेलं धोतर नेसून, हातात पिशवी घेऊन कॉलेजच्या गेटवर उभे. "साहेबाले भेटाचं हाये," म्हणाले. आम्ही तिघंही त्यांच्याबरोबर गेलो.

दारात नामदेवभाऊ. मान खालीच. "कापूस का वीज?"

"दोनी नाई," काका म्हणाले. "पोरगी कॉलेजात जाते, थे सांगाले आलो."

नामदेवभाऊंनी उजवीकडच्या टेबलाकडे पाहिलं. डावीकडच्या टेबलाकडे पाहिलं. "त्याचं टेबल नाई आपल्या इथं," म्हणाले आणि उठून काकांना थेट आत घेऊन गेले.

साहेब खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. कोणी आलं एवढं कळल्यावर त्यांनी सवयीने हात पुढे केला. "द्या."

काकांनी पिशवीतून नारळ काढून त्या हातावर ठेवला.

साहेब दचकलेच! "हे काय?"

"निवेदन नाई साहेब. नारळ हाये."

साहेबांनी आधी काकांकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या सविताकडे. नारळ दोन्ही हातांत धरून म्हणाले, "बस वेळेवर येते ना?"

"बस तं बराबर टायमावर येते साहेब. पोरगीच लेट करते!"

"मग? चुकते की काय?"

"कशी चुकन?" काका म्हणाले. "थे येईपर्यंत मी उभा राह्यतो ना बसच्या समोर. ड्रायव्हर हॉर्न मारते. मारू दे!"