प्रागची खिचडी

हॉर्नबीच्या हॉलमधला कार्यक्रम आटोपून गाडीत बसलं, की वैशाली आधी मांडीवरचा डबा उघडायची. किती संपलंय ते बघायची, झाकण लावायची आणि मगच सीटबेल्ट. "चार वड्या गेल्या," ती म्हणायची. "चारही त्या फिजीच्या काकूंनी खाल्ल्या." आवाजात राग नाही, रडगाणं नाही. मी मुकाट्यानं गाडी सुरू करायची.

न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमधली आम्ही मराठी मंडळी महिन्यातल्या एका शनिवारी हॉलवर जमतो. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. वैशाली इथल्या हॉस्पिटलात नर्स. लवकर न भरणाऱ्या जखमा बघणं हे तिचं खास काम. मूळची औरंगाबादची, बौद्ध. आणि आमच्या घोळक्याची म्होरकी केतकी, पुण्याची, माझ्याच जातीची. अकरा वर्षांत केतकी वैशालीच्या पदार्थाला शिवली नव्हती. दर वेळी निमित्त नवं. उपास, पित्त, "अगं, आत्ताच खाऊन आले!" तोंडानं मात्र "वैशू, वैशू" आणि गळ्यात गळे. मला सगळं दिसायचं आणि मी काही बोलायची नाही, हे आधीच सांगून टाकते.

"तुला राग कसा येत नाही गं?" मी एकदा विचारलं होतं.

"येतो ना, हीप्स येतो, ढीगभर. पण गळू पिकल्याशिवाय फोडू नये, मंजू. मी थांबते."

आणि ती खरंच थांबायची. तिच्या वॉर्डचा मॅनेजर तीन वर्षं तिला 'व्हिकी' म्हणत होता. वैशाली म्हणायला जीभ वळत नाही म्हणे! तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाचं भलंमोठं कार्ड करायचं काम वैशालीनं हौसेनं अंगावर घेतलं. त्याचं नाव ग्रॅहम, तर तिनं सोनेरी अक्षरांत 'गॉर्डन' लिहिलं. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. "चुकून झालं गं," मला सांगताना ती बशीत चहा ओतत होती. "जीभ वळते, हातच वळला नाही." मी हसून हसून बेजार. मला तिचं हे फार आवडायचं. माझ्यात नाही ना ती धमक.

दोन वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या एका परिषदेत तिला निबंध वाचायला बोलावलं. तिनं मला आणि केतकीला बरोबर चला म्हटलं. परिषद संपली की शनिवार-रविवार प्राग बघू. केतकी तर उडालीच.

"तिला कशाला?" मी म्हटलं.

"इथे तिला स्वतःचं घर आहे, गाडी आहे. कधीही निसटता येतं. तिथे दोन दिवस एक घर आणि एकच शेगडी. बघू या."

मी मनातून खूश झाले. केतकीची एकदा जिरावी असं मलाही वाटत होतंच, फक्त ती दुसऱ्या कुणीतरी जिरवावी.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही प्रागच्या भाड्याच्या घरात उतरलो. केतकीनं बॅगेतून दशम्या, मेतकूट, चिवडा, सगळं काढून आपल्या उशाशी मांडलं. वैशालीनं ओट्यावर तांदूळ, मूगडाळ आणि तुपाची छोटी बाटली ठेवली.

शनिवारी भटकलो. पूल झाला, गडावरचं चर्च झालं, त्या दगडी रस्त्यांनी तिघींच्या टाचांची वाट लागली. जुन्या चौकातल्या घड्याळापुढे शेकडो माणसं माना वर करून उभी होती. तासाचे ठोके पडले, पुतळे फिरले, संपलं. "एवढंच? यासाठी अर्धा तास ताटकळलो?" केतकी वैतागली. "थांबता आलं पाहिजे," वैशाली म्हणाली. मग केतकीनं कोपऱ्यावरच्या गाडीवर तो नळकांड्यासारखा गोड पाव घेतला, आत क्रीम गच्च भरलेलं, आणि उभ्या उभ्या दोन फस्त केले. वैशाली माझ्या कानाशी आली. "कोणाच्या हातचं आहे ते नाही विचारलं बाईंनी."

रविवारी सकाळी केतकीला उलट्या सुरू झाल्या. नुसत्या उलट्या नाहीत, सगळंच. वैशालीनं नाडी बघितली, मीठ-साखरेचं पाणी करून चमच्याचमच्यानं पाजलं, चादर बदलली, तोंड पुसलं. मी नुसती इकडून तिकडे करत होते. दुपारपर्यंत उलट्या थांबल्या आणि बाईंना भूक लागली. दशमीचा वाससुद्धा नको झाला होता.

वैशालीनं मऊ खिचडी टाकली. वरून तूप-जिऱ्याची फोडणी. घरभर वास सुटला. तिनं दोन ताटल्या वाढल्या, एक मला, एक स्वतःला, आणि केतकीच्या पलंगासमोर खुर्ची ओढून जेवायला बसली.

"वैशाली, अगं, ती आजारी आहे," मी पुटपुटले.

"औषध नर्स देते. ते न मागता मिळालं," वैशाली घास घेत म्हणाली. "खिचडी वैशाली देते. ती मागावी लागेल."

केतकी भिंतीकडे तोंड करून पडली. आमच्या ताटल्या अर्ध्या झाल्या. मग बारीक आवाज आला. "मला देतेस थोडी?"

"काय?"

"खिचडी."

"कोणाच्या हातची?"

केतकी रडायला लागली. शप्पथ सांगते, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. "तुझ्या हातची, वैशाली," ती म्हणाली. वैशाली उठली, ताटली भरली, वर चमचाभर तूप जास्तच घातलं. केतकीनं दोनदा मागून घेतली.

पुढच्या महिन्यात हॉलवर वैशालीनं सगळ्यांदेखत झाकण उघडलं. "केतकी, खिचडी आणलीय. प्रागला दोनदा घेतलीस, इथे लाजू नकोस." केतकीच्या नवऱ्याचा चेहरा तर बघण्यासारखा झाला. केतकीनं ताटली पुढे केली. त्या दिवशी गाडीत वैशालीनं डबा उघडून बघितला नाही. मी घरी जाईपर्यंत एकटीच हसत होते.

गेल्या वर्षी वैशालीला वेलिंग्टनला बढती मिळाली, तिथेच जॉन्सनव्हिल भागात घर घेतलं. निरोपाचं जेवण कधी ठेवतेय, मी वाट बघत होते. एका रविवारी ग्रुपवर फोटो आले. वैशालीच्या इथल्या घरी निरोपाची पंगत, केतकी वाढतेय, सगळे हसताहेत. मला बोलावणंच नव्हतं.

मी तडक फोन लावला. "केतकीला बोलावलंस आणि मला विसरलीस?"

"मी विसरते का कधी?" ती शांतपणे म्हणाली. "केतकीनं मला तोंडावर टाळलं, मी तिच्या तोंडावर वसूल केलं. तिचं-माझं मिटलं. तू रविवारी माझ्या स्वयंपाकघरात बोटं चाटत जेवायचीस, मंजू. आणि शनिवारी हॉलवर टेबल लावताना माझा डबा उचलून पार टोकाला, कागदी कपांच्या मागे ठेवायचीस. केतकीनं सांगितलं नव्हतं तुला. तुझं तूच ठेवायचीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिला मी प्रागला नेलं," वैशाली म्हणाली. "तुला कुठे नेऊ, सांग?"

ती उत्तराची वाट बघत राहिली. तिला थांबता येतं. शेवटी फोन मीच ठेवला.